दोनशे बारावी ओळ

"हा बारक्या कोण?" टेस्टरबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. तो सांडला नाही, एवढंच काय ते त्या सकाळचं माझं कर्तृत्व. बाई माझ्या टेबलाच्या कडेला उभ्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात आडव्या रेघांची वही. दोन महिन्यांपूर्वी जुनी सिस्टीम मोडून नवी बसवायला म्हणून त्या आमच्याकडे आल्या, आणि मोडण्याआधी जुन्याची ओळ न् ओळ वाचायची हा त्यांचा हट्ट. आमच्याकडे असलं कोणी करत नाही. जुना कोड म्हणजे माळ्यावरचं सामान. वरून धूळ दिसली की शिडी काढून घ्यायची. "कोडच्या या तुकड्यावर लिहिलंय बघा," त्या म्हणाल्या आणि वहीत उतरवलेलं वाक्य वाचू लागल्या, "'तुटकी फाईल आली तर इथे नीट करून पुढे पाठवली जाते. काळजी नसावी. बारक्या.' मला या माणसाशी बोलायचंय." मी म्हणालो, "असेल कोणीतरी. जुनं आहे ते." "किती जुनं?" "माझ्या आधीचं असणार." माझ्या आधी तिथे कोणी नव्हतं. माझ्या आधी त्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, आणि टेबलं मी आणि साहेबांनी मिळून जिन्यावरून ओढत वर आणली होती. बाईंनी मान डोलावली, वहीत 'बारक्या : माहीत नाही' असं लिहिलं आणि त्या आपल्या जागेवर गेल्या. मी चहा पिऊन टाकला. चव लागली नाही. वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी मला बारक्या म्हणणारी दोनच माणसं उरली आहेत, दादा आणि वहिनी, आणि ते नाव मी ज्या सहजतेने झटकलं तिचीच मला भीती वाटली.

कोड लिहिताना गंमत म्हणून टाकलं होतं ते नाव. तेव्हा सगळीच गंमत होती. आमचं काम सांगायला सोपं आहे : पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासलं की रिपोर्ट आमच्याकडे येतो, आम्ही तो त्या-त्या डॉक्टरच्या स्क्रीनवर पोचवतो. टपाल खातंच म्हणायचं, फक्त पाकिटं दिसत नाहीत. रिपोर्ट येतो एक्सएमएल नावाच्या लिखावटीत. त्यात प्रत्येक गोष्ट दोन टॅगांच्या मध्ये ठेवायची, एक उघडणारा, एक मिटणारा. रुग्ण उघडला की आत नाव उघडायचं, नाव मिटायचं, तपासणी उघडायची, मिटायची, आणि शेवटी रुग्ण मिटायचा. जे शेवटी उघडलं ते आधी मिटायला हवं. एक टॅग जरी उघडा राहिला तरी फाईल वाचणारा प्रोग्रॅम, ज्याला पार्सर म्हणतात, तो तिथल्या तिथे थांबतो. अमुक ओळीवर चूक, एवढं सांगतो आणि फाईल परत करतो. अंदाज करत नाही. नव्व्याण्णव ओळी बरोबर आहेत म्हणून शंभरावी सांभाळून घेत नाही. त्याने तसं करूच नये असा नियमच आहे. नवीन होतो तेव्हा मला हा नियम अतिशय माणूसघाणा वाटायचा. कोणीतरी एवढं आपलं रक्त दिलंय, कोणीतरी ते तपासलंय, आणि हा शहाणा एका मिटणाऱ्या टॅगसाठी अख्खी फाईल तोंडावर फेकतो. पण तो फेकतो म्हणून पुढचं चालतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. फाईल परत गेली की लॅबचं मशीन पंधरा मिनिटांनी तीच फाईल पहिल्यापासून पुन्हा पाठवतं. परत जाण्यातच तिची काळजी होती. मला ते माहीत होतं, शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहून मी त्याचे मार्कही घेतलेले होते.

एका लॅबचं सॉफ्टवेअर जुनाट होतं. ते शेवटचा टॅग मिटायचंच विसरायचं, रोज, प्रत्येक फाईलला. फाईल परत जायची, पंधरा मिनिटांनी तश्शीच पुन्हा यायची, पुन्हा परत जायची. त्या लॅबचे लोक फोनवरून साहेबांच्या नावाने खडे फोडायचे आणि साहेब माझ्या. साहेब म्हणायचे, "अहो, एवढ्याशा टॅगसाठी अख्खा रिपोर्ट परत? माणसं आहोत ना आपण?" मी जेवणाच्या सुट्टीत बसलो आणि तासाभरात तो तुकडा लिहिला. फाईल पार्सरकडे जायच्या आधी माझ्या तुकड्यातून जाणार. जे जे उघडं दिसेल ते ते तो मुकाट्याने मिटवणार. पार्सरला सगळं नीटनेटकं मिळणार. लॅबला 'पोचलं' अशी पावती जाणार. दुपारपासून फोन बंद झाले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी घरी जाताना दादाकडे डोकावून वहिनीला सांगितलं की आज मी एक मशीन बनवलं, ते लोकांची अर्धी वाक्यं पुरी करतं. वहिनी हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्यासारखंच की."

हे ती का म्हणाली ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादा लहानपणापासून बोलताना अडखळायचा. एखाद्या शब्दापाशी त्याचे ओठ थबकायचे, मान एका बाजूला खेचली जायची आणि डोळ्यांत अशी काही धडपड दिसायची की मला बघवायचं नाही. मग मीच त्याचं वाक्य पुरं करायचो. दुकानात, शाळेत, पाहुण्यांपुढे. सहा वर्षांनी धाकटा असून मी त्याचं तोंड झालो होतो, आणि आई कौतुकाने म्हणायची, बारक्याला दादाच्या मनातलं बरोबर कळतं. बरोबर कळायचं की नाही कोण जाणे. मी जे म्हणायचो त्याला दादा मान हलवायचा, कारण मान हलवणं सोपं होतं. मी अकरावीत असताना वहिनी घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात जेवताना दादा कुठल्यातरी शब्दापाशी अडला. मी तयारच होतो. वहिनीने माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला, थांब म्हणून. आम्ही सगळे घास हातात धरून बसलो. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी दादाने त्याचं वाक्य स्वतः पुरं केलं, आणि ते मी म्हणणार होतो ते नव्हतंच. त्याला मीठ नको होतं. त्याला म्हणायचं होतं की त्याला हातातली नोकरी सोडायची आहे. आईच्या हातातला डाव तसाच राहिला. तेव्हापासून वहिनीसमोर मी दादाचं वाक्य पुरं केलं नाही. पण ती आत गेली की करायचो.

दुपारी मी बाईंच्या टेबलाकडे दोनदा पाहिलं. त्या बोट ठेवून वाचत होत्या, लहान मुलं धडा वाचतात तसं. आता त्या कुठवर पोचल्या असतील याचा मी हिशेब करत होतो, कारण खरी लाज त्या तुकड्याच्या आठव्या ओळीत होती. तुकडा त्या एकाच लॅबसाठी होता. बाकी कोणाच्या फाईलला त्याने हात लावायचा नव्हता. मग ती लॅब ओळखायची कशी? त्याची सोय एक्सएमएलमध्ये आहे, तिला नेमस्पेस म्हणतात. प्रत्येक लॅब आपल्या टॅगांना आपला एक लांबलचक पत्ता लावते, जो जगात दुसऱ्या कोणाचा नसतो. पण तो लांबलचक पत्ता दर टॅगला कोण लिहीत बसणार, म्हणून फाईलच्या सुरुवातीला एकदा जाहीर करायचं की या फाईलपुरतं या पत्त्याला अमुक म्हणा, आणि पुढे ते आखूड नाव वापरायचं. आखूड नाव कोणीही काहीही ठेवावं. दोघांनी एकच ठेवलं तरी पार्सरचं बिघडत नाही, तो त्यामागचा पत्ता बघतो. दादाच्या लग्नात कोणीतरी "बारक्या!" म्हणून हाक मारली तर मी आणि वहिनीचा धाकटा भाऊ दोघेही धावत गेलो होतो, तोही त्यांच्या घरचा बारक्या निघाला. तिथे माणसाने काय करायचं, तर विचारायचं, कोणाचा बारक्या? मी विचारलं नाही. त्या लॅबचं आखूड नाव 'लॅब' असं होतं, तेवढंच मी आठव्या ओळीत तपासलं. 'लॅब' दिसलं की मिटव. पूर्ण पत्ता उतरवायला अर्धा मिनिट लागला असता, पण तो चौसष्ट अक्षरांचा होता आणि माझा डबा गार होत होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका लॅबने, चांगल्या, नव्या, नामांकित लॅबने, स्वतःच्या वेगळ्या पत्त्याला 'लॅब' हेच आखूड नाव दिलं. त्यांना तो अधिकार होता. त्या दिवसापासून त्यांच्याही फाईली माझ्या दयाळू तुकड्यातून जाऊ लागल्या आणि मला पत्ताही नव्हता.

वहिनीला त्या लॅबकडे मीच पाठवलं. ती कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे, सगळा दिवस उभ्याने काम, आणि एकदा म्हणाली की हल्ली दुपारपर्यंतच पाय गळून जातात. मी म्हणालो, अमुक लॅबमध्ये जा, त्यांचे रिपोर्ट आमच्याकडूनच जातात, लगेच पोचतील. ती म्हणाली, संध्याकाळी येताना कागद घेऊन येईन. मी हसलो. "कागद कशाला, वहिनी? तुझ्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर थेट पोचवतो की मी. उगाच दोन जिने कशाला चढतेस." ती म्हणाली, "बरं बाबा, तू म्हणतोस तर." हे तिचं 'तू म्हणतोस तर' मला आता अंघोळ करताना ऐकू येतं, साबण लावताना, बायको काही विचारत असताना. त्या दिवशी रिपोर्ट पोचला. साखर ठीक, थायरॉईड ठीक, यकृत ठीक, शेवटी हिमोग्लोबिन जरा कमी. घराजवळच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि भाज्या खायला सांगितलं. वहिनीने भाज्या खाल्ल्या. पाच महिने ती भाज्या खात होती आणि पायांत गोळे येतात म्हणून त्यांखाली उशी घेऊन झोपत होती.

मग दंडावर निळे डाग उठले, आणि मोठ्या हॉस्पिटलचे तज्ज्ञ, आणि पुन्हा रक्त. तज्ज्ञ म्हणाले, आधीचा रिपोर्ट असेल तर आणा. मी ऐटीत म्हणालो की आमच्याकडे मूळ फाईल जशी आली तशी जपून ठेवलेली असते, उद्याच आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, ऑफिसात अजून झाडलोट चालू असताना, मी ती फाईल उघडली. दोनशे बारा ओळी. दोनशे बारावी ओळ हिमोग्लोबिनच्या आकड्यानंतर एका टॅगच्या मधोमध संपत होती. पुढे काही नव्हतं. लॅबकडून येता येता लाईन तुटली होती, बस, एवढंच. रोज कुठे ना कुठे तुटते. शेजारी माझ्या तुकड्याची नोंद होती : तीन टॅग मिटवले, फाईल नीट आहे. मी लॅबला फोन केला. त्यांनी त्यांच्याकडची फाईल पाठवली. तीनशे चाळीस ओळी. हिमोग्लोबिनच्या खाली पांढऱ्या पेशी होत्या, प्लेटलेट होत्या, आणि सगळ्यात शेवटी, रुग्ण मिटण्याआधी, तिथल्या डॉक्टरांचा शेरा : पेशी असामान्य दिसतात, रुग्णाला तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे तुमची पोचल्याची पावती आहे." खरं होतं ते. पावती मीच दिली होती. झाडणाऱ्या माणसाने मला पाय उचलायला सांगितलं, मी उचलले, आणि बराच वेळ तसेच वर धरून बसलो.

तो तीनशे चाळीस ओळींचा कागद मी तज्ज्ञांना दिला. दादा वहिनीला घेऊन खाली रक्त द्यायला गेला होता. तज्ज्ञांनी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या कागद वाचला, तारीख पाहिली, पुन्हा पाहिली. "हे तेव्हाच कसं नाही आणलंत?" मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "औषध चालू करू. पण हा आजार तेव्हा धरला असता तर बरे होण्याची चांगली आशा होती. आता फार तर वर्ष म्हणा, तेही सगळं नीट गेलं तर. कदाचित सहा महिने. ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलावून घ्या. पेशंटला तुम्ही सांगता की मी सांगू?" मी म्हणालो, मी सांगतो. लिफ्टमधून दादा आणि वहिनी वर आली. वहिनीच्या दंडावर कापसाचा बोळा होता आणि तो तिने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरला होता. "काय म्हणाले?" तिने विचारलं. मी म्हणालो, "औषध चालू करू म्हणाले." आणि तिथेच थांबलो. वाक्य अगदी नीट होतं, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं मिटलेलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. वहिनी म्हणाली, "चला, जीव भांड्यात पडला," आणि त्याच संध्याकाळी तिने पोरीला फोन करून सांगितलं की औषध चालू झालंय, तू धावत येऊ नकोस, परीक्षा झाली की सावकाश ये. पुतणी दुसऱ्या शहरात शिकते. परीक्षेला तेव्हा चार महिने होते. त्याला आज सात आठवडे झाले. वहिनी घरी असते, मी दर दोन दिवसांनी जातो, फळं नेतो, आणि ती शेजाऱ्यांना सांगते, माझा दीर होता म्हणून सगळं वेळेवर झालं. हे ऐकून जमीन दुभंगावी असं वाटतं असं म्हणतात, पण जमीन काही दुभंगत नाही. मी तिथे बसून संत्रं सोलत असतो.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. बायकोला सांगायला गेलो, "ते वहिनीच्या रिपोर्टचं जे झालं ना, त्यात माझ्या..." तर ती म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका हो, तुम्ही किती धावपळ करताय." दादाला गाडीत म्हणालो, "दादा, मी तेव्हा जर कागद आणू दिला असता..." तर दादा पुढे बघत, जराही न अडखळता म्हणाला, "सोड रे. नशीब असतं एकेकाचं." माझी अर्धी वाक्यं सगळे किती मायेने पुरी करत होते. आणि मी अर्धंच बोलायचो, कारण ते पुरं करतील हे मला माहीत होतं.

चारच्या सुमाराला बाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि मला बोलावणं आलं. बाईंनी छापील कागद टेबलावर ठेवला. "या तुकड्यातून तीन वर्षांत तीस-बत्तीस हजार फाईली गेल्यात. त्यातल्या बहुतेक त्या जुन्या लॅबच्या, एकच शेवटचा टॅग मिटवलेल्या. त्या सोडून द्या. पण एकशे सत्तर फाईली दुसऱ्याच लॅबच्या आहेत. त्या मधेच तुटलेल्या होत्या. म्हणजे एकशे सत्तर माणसांचे अर्धे रिपोर्ट डॉक्टरांनी पूर्ण समजून वाचलेत." साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला काही कल्पना?" मी म्हणालो, "साहेब, हा तुकडा खरं म्हणजे मी..." आणि थांबलो. साहेबांना आठवत होतं. पाठीवर थाप मारणारा हात त्यांचाच होता. ते घाईघाईने म्हणाले, "...बघून घ्याल. हो, तुम्हीच बघा. जुनं प्रकरण आहे, हळूच काढून टाका. कशाला उगाच बोंबाबोंब." झालं. मिटवलं. मी दाराकडे वळलोसुद्धा. बाई मात्र खुर्चीतच बसून होत्या, चष्मा आता नाकावर. त्या साहेबांना म्हणाल्या, "त्यांचं वाक्य वेगळं होतं असं वाटतंय मला." खोलीत पंखा फिरत होता. टेबलावरचा कागद एका कोपऱ्यातून उचलला जात होता आणि पडत होता. मी म्हणालो, "बारक्या मी. मी लिहिलाय तो." बाईंनी मला धीर दिला नाही, तोंडही वाकडं केलं नाही. त्यांनी वही उघडली, सकाळचं 'माहीत नाही' एका रेघेने खोडलं, पुढे माझं ऑफिसातलं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "मग आता एकेका डॉक्टरला फोन करायला लागेल. यादी मी दिलीय. पहिला फोन आजच." मी यादी पाहिली. वहिनी एकशे बाराव्या नंबरावर होती. मी म्हणालो, "यातली एक माझी वहिनी आहे." बाईंनी यादी माझ्या हातातून घेतली. "मग तुम्ही तिकडे जा," त्या म्हणाल्या, "फोन मी चालू करते."

दादाच्या घरी पोचलो तेव्हा खिडकीतून अजून ऊन येत होतं. वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसून बाटल्यांची लेबलं लिहीत होती. ती रजेवर असली तरी प्रयोगशाळेतल्या बायका कोरी लेबलं घरी पाठवतात, तिच्यासारखं अक्षर तिथे कोणाचंच नाही म्हणून. आतून मोरीतल्या नळाचा आवाज येत होता; दादा पाना घेऊन वायसर बदलत होता. "ये रे बारक्या," वहिनी म्हणाली, "पाणी घे. आज लवकर?" तिचं मनगट लेखणीपेक्षा थोडंसंच जाड दिसत होतं. मी पाणी घेतलं नाही. बसलो. "वहिनी, तो तुझा पहिला रिपोर्ट होता ना, तो आमच्याकडून..." आणि मी थांबलो, सवयीने, जिथे समोरच्याने उचलून घ्यावं अशा जागी. वहिनीने लेखणी वर धरली आणि ती थांबून राहिली. तिने काही उचललं नाही. मला अचानक कळलं की एवढे आठवडे मी सगळ्यांना सांगून पाहिलं आणि हिला का नाही. "...आमच्याकडून गेला, तो अर्धाच गेला," मी म्हणालो. ती थांबून राहिली. "अर्धा तुटला होता. माझ्या प्रोग्रॅमने तो पुरा आहे असं दाखवलं. खालच्या अर्ध्यात लिहिलं होतं, तातडीने तज्ज्ञांकडे पाठवा म्हणून." मोरीतला नळ एकदा जोरात वाहिला आणि बंद झाला. वहिनीने लेबलावरची शाई सुकेपर्यंत फुंकर घातली. मग विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"सात आठवडे."

तिने लेखणीला टोपण लावलं. "अहो," तिने हाक मारली, "जरा बाहेर या. पाना राहू द्या तिथेच." दादा ओले हात पँटला पुसत हसत बाहेर आला. "याला काहीतरी सांगायचंय," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळून : "पहिल्यापासून सांग. आत्ता सांगितलंस तसं तुकड्यांनी नको."

मी पहिल्यापासून सांगितलं. ती जुनी लॅब, जेवणाची सुट्टी, साहेबांची थाप, 'लॅब' हे आखूड नाव, गार होणारा डबा, कागद कशाला म्हणून मी हसलो ते, दोनशे बारावी ओळ. दादा उभाच होता. सांगून झालं तेव्हा त्याचे ओठ हलले आणि थबकले, मान एका बाजूला खेचली गेली. कितीतरी वर्षांत मी त्याला एवढं अडलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'पण आता औषध चालू आहे ना, दादा,' असं ते वाक्य होतं, चांगलं, मायेचं, त्याने मान हलवली असती. मी दात आवळून बसलो. वहिनीही बसली होती. ऊन लेबलांवरून टेबलाच्या कडेपर्यंत सरकलं होतं.

"डॉ... डॉक्टर," दादा म्हणाला, "डॉक्टर ति... तिथे बाहेर तुला आणखी का... काय म्हणाले?"

म्हणजे त्याला लिफ्टच्या दारातूनच कळलं होतं की काहीतरी राहिलंय. किंवा आत्ता कळलं असेल. मी तज्ज्ञांचं बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द. तेव्हा धरला असता तर बरे होण्याची आशा होती, हे सांगितलं. फार तर वर्ष, कदाचित सहा महिने, हे सांगितलं. त्यातले सात आठवडे गेले, हे कोणी न विचारता मीच सांगितलं. बोलावायचं त्यांना बोलावून घ्या, हेही सांगितलं, आणि वाक्य पुरं केलं. दादा खुर्चीची पाठ धरून खाली बसला. मला वाटलं तो माझ्या अंगावर येईल, आणि यावा असंही वाटलं. तो आला नाही. त्याने ओल्या हाताने वहिनीचं मनगट धरलं, आणि लेबलावरची ताजी अक्षरं त्याच्या कोपराखाली फरफटली.

वहिनीने आपला दुसरा हात माझ्यापुढे केला. "फोन दे तुझा. पोरीला लाव."

मी नंबर लावला. रिंग जात होती. "वहिनी," मी म्हणालो, "तिची परीक्षा दोन महिन्यांवर आलीय, आपण तिला असं सांगू की..."

"तू मध्ये बोलू नकोस," वहिनी म्हणाली, आणि फोन कानाला लावला.